चार लाखांच्या उंबरठ्यावर: गाडी ठेवायची की सोडायची?



मी लष्करातून निवृत्त झालेला कर्नल. ईएमई, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स अँड मेकॅनिकल इंजिनिअर्स, या कोअरमध्ये बत्तीस वर्षं काढली. सोप्या भाषेत सांगायचं तर फौजेच्या गाड्या, तोफा, रणगाडे, वायरलेस सेट, जे जे बिघडतं ते दुरुस्त करणारी आमची कोअर. २०१४ ला निवृत्त झालो आणि बडोद्यात स्थायिक झालो. ईएमईचं स्कूल बडोद्यात आहे, तिथे माझी दोन पोस्टिंग्ज झाली होती. शिवाय बडोद्यात मराठी माणसाला परकं वाटत नाही, हे तुमच्यापैकी अनेकांना माहीत असेलच.

आयोजकांनी विचारलं, कशावर बोलाल? त्यांना वाटलं असणार, कर्नलसाहेब सरहद्दीवरचं काहीतरी सांगतील. मी म्हटलं, जुन्या गाडीवर बोलतो. ते जरा गप्प झाले. पण ज्यांच्या घरासमोर बारा-पंधरा वर्षांची गाडी उभी आहे, आणि ज्यांच्या घरात दर दोन महिन्यांनी "आता ही काढून टाका हो" असा संवाद होतो, त्यांना कळेल की हा विषय काही साधा नाही. फौजेत शेकडो गाड्यांबद्दल मी असे निर्णय दिले. स्वतःच्या एका गाडीपाशी मात्र वर्षभर अडकून बसलो, आणि त्या वर्षात पत्नीचा जीव धोक्यात घातला. तीच गोष्ट आज सांगणार आहे.

आधी गाडीची ओळख. सात सीटर, डिझेल, २००८ च्या नोव्हेंबरमध्ये बडोद्यात घेतलेली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाही. गाडी उत्तम होती. २०१० ते २०१३ आम्ही जामनगरला होतो, गाडी बरोबर होती. मग मी वर लेहकडे गेलो, गाडी बडोद्यात घरच्यांकडे राहिली. निवृत्तीनंतर पाच वर्षं मी दहेजला एका कारखान्यात देखभाल विभागाचं काम पाहिलं. बडोदा-दहेज, जाऊन-येऊन रोज दोनशेच्या वर किलोमीटर. ती पाच वर्षं संपली तेव्हा काट्यावर पावणेचार लाखांच्या आसपास आकडा होता. त्या गाडीत आमच्या मुलीची लग्नाची खरेदी झाली, आईला शेवटचं दवाखान्यात त्याच गाडीतून नेलं. तेव्हा माया होतीच. नव्हती असं म्हणणार नाही.

२०२३ उजाडलं. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण, ज्याला आपण पासिंग म्हणतो. माझं आरसी बुक त्या नोव्हेंबरमध्ये संपणार होतं. मोटारीच्या नूतनीकरणाची फी पूर्वी सहाशे रुपये होती, एप्रिल २०२२ पासून ती पाच हजार झाली. पाच हजारांचं काही नाही. पण तारीख समोर आली की माणसाला विचार करावा लागतो. गंमत बघा, माझं ड्रायव्हिंग लायसन्ससुद्धा साठीनंतर पाच-पाच वर्षांनीच नवं होतं, आणि त्याला डॉक्टरचा दाखला लागतो. म्हणजे गाडीला पाच वर्षं आणि मालकालाही पाच वर्षं. दोघांची तपासणी.

आता थोडं मागे जाऊ. १९८० च्या दशकातली गोष्ट. मी नवा कॅप्टन, पंजाबात एका वर्कशॉपमध्ये. तिथे एक शक्तिमान ट्रक आला. शक्तिमान म्हणजे जबलपूरच्या कारखान्यात बनणारा फौजेचा जुना, भरवशाचा ट्रक. तो चालवणारे हवालदार वयाने माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. ट्रक असा चमकवलेला की त्यात तोंड बघावं. इंजिन एका झटक्यात सुरू व्हायचं. पण चॅसिसला दोनदा वेल्डिंग झालेलं, स्टिअरिंग ढिलं, आणि दुरुस्तीचा अंदाज ठरलेल्या मर्यादेच्या वर जात होता. फौजेत अशा गाडीवर बी.ई.आर. लिहितात. म्हणजे दुरुस्त होऊ शकते, पण दुरुस्त करणं परवडत नाही, तेव्हा निकाली काढा. हवालदार हात जोडून म्हणाले, "साहब, गाड़ी अच्छी है, मैं चला लूँगा." मला वाईट वाटलं. मी माझ्या सीओंकडे गेलो आणि म्हटलं, सर, अजून एक वर्ष ठेवूया का?

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "आज रात्री मागे बारा जवान बसवून हा ट्रक पुढे पाठवशील? आणि स्वतः मागच्या गाडीत न बसता इथेच झोपशील?"

मी म्हटलं, नाही सर.

"मग लिही."

मी लिहिलं. हवालदार दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. हा प्रश्न मी पुढे पंचवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांना विचारला. स्वतःच्या गाडीला विचारायला त्रेसष्टावं वर्ष उजाडावं लागलं.

आता २०२३ कडे परत येऊ. फौजेत प्रत्येक गाडीची नोंदवही असते. मीही माझ्या गाडीची ठेवली होती, पहिल्या दिवसापासून. किती डिझेल, कोणतं ऑइल, कोणता पार्ट कधी, किती रुपये. जानेवारीत ती वही घेऊन बसलो आणि हिशोब मांडला.

दुरुस्ती आणि देखभाल मिळून २०२० ला १९ हजार, २०२१ ला ४२ हजार, २०२२ ला ८९ हजार. तीन वर्षांचे दीड लाख, सरासरी पन्नास हजार. आणि गाडी चालत होती वर्षाला जेमतेम सहा हजार किलोमीटर, कारण दहेजची नोकरी संपली होती. म्हणजे किलोमीटरमागे दुरुस्तीचे आठ रुपये आणि डिझेलचेही तितकेच. तुम्ही तुमच्या गाडीचा असा आकडा कधी काढला आहे का? नसेल तर आज घरी जाऊन काढा. एका पावतीवर काही ठरवू नका. एखादं वर्ष क्लच आणि टायर एकत्र आले की खर्च वाढतोच. तीन-चार वर्षांची ओळ बघा, वर जातेय की सपाट आहे. माझी ओळ वर जात होती.

दुसऱ्या बाजूला नवी छोटी गाडी, समजा नऊ लाखांची. पाच वर्षांनी तिचे निम्मे आले, तर वर्षाला नव्वद हजारांची घट. नऊ लाख बँकेत ठेवले असते तर सात टक्क्यांनी त्रेसष्ट हजार व्याज आलं असतं, तेही गेलं. शिवाय विमा जास्त. म्हणजे नवी गाडी वर्षाला दीड लाखाच्या वर, जुनी पन्नास-साठ हजारांत. कुणी तुम्हाला सांगत असेल की जुनी गाडी पैसे खाते, म्हणून नवी घ्या, तर त्याला हा हिशोब दाखवा. निव्वळ पैशांत बहुतेक वेळा जुनी गाडीच जिंकते. माझीही जिंकली, आणि मला मनातून फार आनंद झाला. मला तेच उत्तर हवं होतं.

एक चूक मात्र मी हिशोबात करत होतो. मनात सारखं येत होतं, मागच्या वर्षीच हिच्यावर नव्वद हजार घातलेत, आता विकली तर ते वाया. हे चूक आहे. गेलेले पैसे गेले. गाडी ठेवली तरी ते परत येत नाहीत, विकली तरी येत नाहीत. इथून पुढे किती लागतील, एवढंच विचारायचं.

मग इंजिन तपासलं. लोक सगळ्यात आधी किलोमीटरचा आकडा विचारतात. तो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो. रणगाड्याच्या इंजिनाचं आयुष्य आम्ही तासांत मोजायचो, कारण उभ्या उभ्याही इंजिन चालतं आणि झिजतं. माझ्या गाडीचे बहुतेक किलोमीटर सरळ रस्त्याचे, गरम इंजिनाचे, एका वेगाने गेलेले. गावात रोज दोन किलोमीटर जाऊन थंड होणारी, लाखभर चाललेली गाडी त्यापेक्षा जास्त झिजलेली असू शकते. मी गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडून पाहिलं, धूर फेकत नव्हती. हजार किलोमीटरमध्ये ऑइल किती कमी होतं ते मोजलं, नगण्य. कम्प्रेशन चारही सिलिंडरला जवळजवळ सारखं. टायमिंग बेल्ट दर लाखाला वेळेवर बदललेला. अशा इंजिनात तो बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन खोलावं लागतं, त्यामुळे त्यात मी कधी हयगय केली नव्हती. आमचे मिस्त्री म्हणाले, "साहेब, हजु एक लाख आरामथी चालशे." मला दुसऱ्यांदा आनंद झाला.

आणि तरीही मी ठेवायचं ठरवलं नाही, सोडायचंही ठरवलं नाही. म्हटलं, नोव्हेंबर येऊ दे, मग बघू. माझी खरी चूक इथे सुरू झाली.

फेब्रुवारीत वहीत मी स्वतःच्या हाताने लिहिलं होतं, "रेडिएटरचा वरचा होज फुगलाय. बदलणे." त्या रबरी नळीची किंमत बाराशे रुपये. मी बदलली नाही. का? कारण मनात होतं, नोव्हेंबरमध्ये काढून टाकायचीच असेल तर आता खर्च कशाला? तेच टायरचं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. त्यातले पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन वर्ष सांगतात. माझ्या टायरवर २३१६ होतं, म्हणजे २०१६ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेले. सात वर्षं होत आलेली. नक्षी शिल्लक होती, पण बाजूला बारीक चिरा पडलेल्या. तेही ठेवले. नोव्हेंबरनंतर बघू.

मे महिन्यात नाशिकला मेव्हणीकडे कार्य होतं. परत येताना सापुताऱ्याचा घाट उतरलो, सुरत मागे टाकलं, आणि अंकलेश्वरच्या अलीकडे तापमानाचा काटा वर चढायला लागला. दुपारचे साडेतीन, बाहेर आग ओकणारं ऊन. मी ताबडतोब गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. बॉनेट उघडलं तर तोच होज, बोटभर फाटलेला, कूलंट सगळं रस्त्यावर. इंजिन वाचलं. पण गाडी तिथेच उभी. शेजारून ट्रक सुसाट जाताहेत, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलतेय. गाडीत बसणं धोक्याचं, म्हणून पत्नीला उतरवून रस्त्यापासून दूर एका बाभळीखाली बसवलं. तिला मधुमेह आहे. इन्सुलिन घेते. जेवण सकाळी अकराला झालेलं, पुढचं खाणं भरुचला करायचं ठरलेलं.

टोइंगवाला यायला अडीच तास लागले. मी फोनवर आणि बॉनेटमध्ये. तासाभराने वळून पाहिलं तर ती घामाने निथळत होती, हात थरथरत होते, आणि मी विचारलं त्याचं उत्तर देताना शब्द अडखळत होते. साखर उतरली होती. आमच्याकडे बिस्किटं होती, पण ती डिकीत सामानाखाली. मागे एक ट्रक थांबलेला होता, त्याच्या ड्रायव्हरने पाण्यात साखर घालून दिली. नाव विचारायचं राहिलं. पंधरा-वीस मिनिटांनी ती सावरली. बत्तीस वर्षं मी फौजेत रिकव्हरी शिकलो आणि शिकवली, आणि त्या दिवशी माझ्या पत्नीची रिकव्हरी एका अनोळखी माणसाने केली.

रात्री घरी पोचलो. ती रागावली नाही. फक्त म्हणाली, "अहो, तुमच्या फौजेत गाडी बंद पडली तर मागून रिकव्हरीची गाडी यायची. माझ्या मागून कोण येणार होतं?"

मला उत्तर देता आलं नाही. फौजेचा ताफा निघतो तेव्हा शेवटी फिटर आणि रिकव्हरीची गाडी असते, हे तिला तीस वर्षांपासून माहीत होतं. मला ते माहीत असून उपयोग झाला नव्हता.

मंडळी, म्हणून या भाषणातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. जुनी गाडी धोकादायक असतेच असं नाही. जिच्याबद्दल निर्णय लटकलेला आहे ती गाडी धोकादायक. कारण तिच्यावर आपण खर्चही करत नाही आणि तिला सोडतही नाही. ठेवायची असेल तर अशी ठेवा की जणू दहा वर्षं चालवायची आहे. सोडायची असेल तर तारीख ठरवा. आणि त्या तारखेच्या आदल्या दिवसापर्यंत होज, ब्रेक, टायर यांत एक रुपया वाचवू नका.

दुसऱ्या दिवशी वही उघडली आणि सीओंचा तो प्रश्न वर लिहिला. ही गाडी कोणत्या कामासाठी आहे? आमच्या घरात गाडीची कामं तीन. बाजारहाट, वर्षातून दोनदा महाराष्ट्राची फेरी, आणि रात्री-अपरात्री दवाखाना. तिसरं काम सगळ्यात मोठं. आणि लक्षात आलं की मीच आजारी पडलो तर? ही गाडी पत्नीला चालवता येत नव्हती. लांबलचक गाडी, जड क्लच, गुडघे दुखतात. म्हणजे ज्या रात्री गाडीची खरी गरज, त्या रात्री ती अंगणात उभी राहणार, चालवणारा आत झोपलेला. पंधरा वर्षं मी त्या गाडीला घरची गाडी म्हणत होतो. ती माझी गाडी होती. शिवाय माझ्या मॉडेलमध्ये ना एअरबॅग, ना एबीएस. २००८ मध्ये ते सक्तीचं नव्हतं. आज नव्या मोटारीत दोन्ही सक्तीचे आहेत.

तरी एक विचार होता. लांबच्या प्रवासाला भाड्याची गाडी करावी आणि हिला फक्त गावात वापरावं. फौजेतही थकलेली गाडी पुढच्या कामावरून काढून स्टेशनच्या हलक्या कामाला लावतात. वाईट विचार नव्हता. त्यासाठी गाडी खालून तपासायची ठरवली. ऑक्टोबरमध्ये मिस्त्रींच्या लिफ्टवर चढवली. बॉल जॉइंट आणि बुश झिजलेले होते, ते बदलता येतात. खालचा भाग प्रेशरने धुतला. २०१९ मध्ये मीच खाली काळं कोटिंग मारून घेतलं होतं, ते काही ठिकाणी खरवडलं. मग छोटी हातोडी घेऊन चॅसिसवर टकटक करत गेलो. चांगलं लोखंड खणखणीत वाजतं. मागच्या चाकाच्या जोडणीजवळ आवाज बद्द झाला. तिथे स्क्रू ड्रायव्हर टेकवला आणि जरा दाबला, तर तो आत गेला. जामनगरची तीन वर्षं आणि दहेजची पाच, दोन्हीकडे खारा वारा. गंज आतून खात होता आणि वरून माझंच काळं कोटिंग त्याला झाकत होतं.

मिस्त्री म्हणाले, पट्टी मारून वेल्डिंग करू, पंधरा हजारांत होईल, पासिंगला काही अडचण येणार नाही. त्यांचं खरंही असेल. पण ज्या जागी मागच्या चाकांचा सगळा भार आणि ब्रेकचा ओढा येतो, तिथली पट्टी किती टिकेल हे वरून बघून मला सांगता येत नव्हतं. ज्या शक्तिमानवर मी बी.ई.आर. लिहिलं होतं त्यालाही अशाच पट्ट्या होत्या. इंजिन बदलता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. चॅसिस कुजली की गाडी संपली. गाडी ठेवायची की नाही हे बघताना लोक बॉनेट उघडतात. माझं सांगणं, आधी खाली वाका.

आता सोडायची कशी? मुलगी गुरुग्रामला असते. ती म्हणाली, "बाबा, मला द्या, आठवण म्हणून ठेवते." पण तेव्हा दिल्ली आणि आसपासच्या एनसीआरमध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाडीला बंदी होती, हरित लवादाचा आदेश आणि त्यावर २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाचं शिक्कामोर्तब. आणि कुजलेल्या चॅसिसची आठवण मुलीला द्यायची नसते. तो प्रश्न तिथेच संपला.

मग एक दलाल आला. तीन लाख एक्क्याण्णव हजारांचा आकडा पाहून म्हणाला, साहेब, काटा दीड लाखावर आणून ठेवतो, मग तीन लाख कुठे जात नाहीत. ज्या आकड्याचा मला अभिमान होता तो त्याला पुसायचा होता. त्याला चहा पाजला आणि दरवाजापर्यंत सोडलं.

तिसरा माणूस आला तो मात्र सरळ होता. तिशीतला, मेहनती. मुलांना शाळेत ने-आण करण्यासाठी मोठी गाडी हवी होती. एक लाख नव्वद हजार रोख द्यायला तयार. मी त्याला खाली वाकवून गंज दाखवला, स्क्रू ड्रायव्हरचं भोक दाखवलं. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "वांधो नथी साहेब, वेल्डिंग करावी लईश."

इथे मी अडलो. मी काही लपवलं नव्हतं. त्याने जाणून-बुजून हो म्हटलं होतं. कायद्याने आणि व्यवहाराने माझं कर्तव्य संपलं होतं, असं कुणीही म्हणेल. मी त्याला उद्या या म्हटलं. रात्री पत्नीला विचारलं. ती म्हणाली, "त्याने हो म्हटलं. त्या मुलांनी कुठे म्हटलंय?"

दुसऱ्या दिवशी त्याला नाही म्हटलं. त्याला राग आला, आणि ते स्वाभाविक होतं. दुसरी कुठलीतरी जुनी गाडी तो घेणार, ती कदाचित माझ्या गाडीपेक्षा वाईट असेल, हे मला कळत होतं. पण ती गाडी मी तपासलेली नव्हती. ही मी तपासली होती.

गाडी शेवटी सरकारमान्य स्क्रॅपिंग केंद्रात दिली. २०२१ मध्ये स्क्रॅपिंगचं राष्ट्रीय धोरण आलं, तेव्हापासून ही नोंदणीकृत केंद्रं सुरू झाली आहेत. तिथे वजनावर पैसे मिळतात. मला ४१ हजार मिळाले. एक लाख नव्वदच्या जागी ४१ हजार, म्हणजे जवळजवळ दीड लाखाचं नुकसान. ते मला टोचलं नाही असं नाही, पेन्शनीतला माणूस आहे. पण केंद्रातून सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट नावाचा दाखला मिळतो. तो दाखवला की नव्या गाडीच्या करात सवलत असते, खाजगी गाडीला जास्तीत जास्त पंचवीस टक्के. आणि आरसी रीतसर रद्द होतं. हे नीट लक्षात ठेवा. रस्त्यावरच्या भंगारवाल्याला गाडी देऊन मोकळे झालात आणि कागद तुमच्याच नावावर राहिले, तर उद्या त्या नंबरचं काहीही झालं की पोलीस तुमच्या दारी. गाडी विकलीत तरी नाव बदललेलं आरसी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय झोपू नका.

आम्ही छोटी ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी घेतली. हिशोबात ती महागच आहे, आधी सांगितलंच. वर्षाला सहा हजार किलोमीटरसाठी भाड्याची गाडीसुद्धा स्वस्त पडली असती. तुमच्या घराजवळ रात्रीही गाडी मिळत असेल, तर तोही मार्ग चांगला, त्यात कमीपणा मानू नका. आम्हाला मात्र अंगणात गाडी हवी होती आणि ती दोघांनाही चालवता यायला हवी होती. पत्नीने बासष्टाव्या वर्षी पुन्हा क्लास लावला. आता बाजारात तीच जाते. मी शेजारी बसलो की म्हणते, "गप्प बसायचं, सूचना द्यायच्या नाहीत." मी गप्प बसतो. बिस्किटांचा डबा आता डिकीत नाही, तिच्या हाताशी असतो.

तुम्ही सगळ्यांनी जुन्या गाड्या मोडीत काढा, असं मी सांगायला आलेलो नाही. माझी चॅसिस चांगली निघाली असती आणि घरात दुसरी गाडी असती, तर मी ती आजही गावात चालवत असतो, अगदी आनंदाने. तुमची गाडी वीस वर्षांचीही होऊ दे. पण तिचं काम कोणतं ते ठरवा, तिला खालून तपासा, नोंद ठेवा. आणि शेवटी तो एकच प्रश्न स्वतःला विचारा. आज रात्री आपल्या माणसाला या गाडीत बसवून, आपण मागे घरी राहून, शांत झोपू का? उत्तर हो असेल तर ठेवा आणि नीट सांभाळा. नाही असेल तर तारीख ठरवा.

ज्या दिवशी केंद्राचा माणूस गाडी न्यायला आला, त्या दिवशी मी वहीत शेवटची नोंद केली. ३,९१,६४० किलोमीटर. शेरा, बी.ई.आर. खाली सही आणि तारीख. त्या हवालदारांची खूप आठवण आली. दोन दिवस ते माझ्याशी का बोलले नव्हते, ते तेव्हा समजलं.

जय हिंद.